गेदर किती वाजताचा?

दिवाळी अंकाची दोन तरुण मुलं घरी आली. म्हणाली, "आजोबा, समुद्राचा थरार लिहा. वादळ, लाटा, मृत्यूशी झुंज." मी म्हटलं, बाबांनो, मृत्यूशी झुंजतो तो लिहायला परत येत नाही, आणि परत येतो तो त्या वेळी होडीच्या काठावर ओणवा होऊन ओकत असतो. पन्नास वर्षं दर्यावर काढली, वादळंही पाहिली, पण मी खरा घाबरलो तो मालवणातल्या आठ घरांच्या दारांत. ते लिहू का? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं विचारलं, "त्यात थरार असेल ना?" म्हटलं, तू लग्न केलंयस का? नाही म्हणाला. मग तुला कळायला वेळ लागेल.

साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि सरकार आम्हाला सुधारायला निघालं होतं. मासेमाराला सुधारायचं म्हणजे काय, तर त्याच्या होडीच्या पाठी एक मशीन टांगायचं. त्याला आउटबोर्ड म्हणत. पाण्यात पंखा, वर इंजिन, आणि इंजिनाच्या डोक्यावरच पेट्रोलची टाकी. दोरी गुंडाळायची, खेचायची, खांदा निखळला की मशीन सुरू होतं. आमच्या दांड्यावर, म्हणजे मालवणच्या आमच्या मासेमार वस्तीत, पहिलं मशीन आमच्या होडीला मिळालं, कारण चौथीपर्यंत शिकलेला मी एकटाच होतो आणि फॉर्मवर सही करता येणाराही मीच.

ते चालवायला शिकवण्यासाठी एक वर्ग भरला. शिकवणारे साहेब रंगीत खडूंनी फळ्यावर असं सुरेख इंजिन काढत की पुसायला जीव होत नसे. शेवटच्या दिवशी आम्ही हौसेनं त्यांना होडीत बसवलं. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट आली तशी त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "समुद्र थांबला की मला सांगा." तीस वर्षांनी रिटायर झाले तेव्हाही त्यांना कोणी ते सांगितलं नसणार. पण वर्गात त्यांनी एक गोष्ट मात्र तीनतीनदा सांगितली होती: टाकीत पाण्याचा थेंब जाता कामा नये. मी ती वहीत लिहून खाली रेघही ओढली होती.

आता गेदर म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगतो. शहरात कुप्पा म्हणतात, हॉटेलात ट्युना म्हणून चौपट दर लावतात. आमच्या वेळी त्याला कोणी विचारत नव्हतं. काळ्यानिळ्या पाठीचा, गोटीसारखा घट्ट, आणि पळायला असा की डोळा ठरत नाही. त्याची गंमत म्हणजे रक्त गरम. बांगडा हातात घ्या, गार लागेल. गेदराच्या पोटात हात घाला, चटका बसल्यासारखं वाटतं. आमचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, दाजीकाका म्हणायचे, "ह्या माशाक जन्माचो ताप आसा. तापातल्या माणसाक कोण उन्हात झोपयता?" मेल्यावर तो उन्हात राहिला की बिघडतो, आणि लबाडी अशी की वास येत नाही. वरून राजबिंडा, आतून विष. खाल्लं की तासाभरात अंगावर गांधी उठतात, तोंड सुजतं, छाती धडधडते. म्हणून काकांचा नेम होता: गेदर मारला की घटकाभरसुद्धा थांबायचं नाही, शीड चढवायचं आणि घर गाठायचं. त्यामुळे शिडाच्या होड्या त्याच्या मागे लांब जातच नसत. साहेबांना हेच खुपत होतं. "तिकडे मत्स्यसंपत्ती वाया जाते आहे!" ते म्हणत. आमच्याकडे बर्फ नाही, हे त्यांना मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा डायरीत लिहून घेतलं.

दाजीकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. साठी उलटलेली, दात चार, पण पाण्याचा रंग बघून खाली काय आहे ते सांगत. मशीनशी त्यांचं जमायला वेळ लागला. पहिली भांडणं नारळावरून झाली. नारळ नेहमी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर फोडायचा. पण आता होडी पुढे नेतं कोण? पाठचं मशीन. मग मान कुणाचा? यावर दांड्यावर तीन दिवस बैठक चालली, एवढी अक्कल बर्फावर खर्च केली असती तर कारखाना झाला असता. शेवटी ठरलं, दोन नारळ. एक निघताना नाळेवर, आणि घसघशीत मासा लागला की दुसरा मशीनवर.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी साहेब पहाटेच किनाऱ्यावर हजर, बरोबर फोटोग्राफर. होडी बघून त्यांचा चेहरा पडला. "ही डोलकाठी आणि हे शीड कशाला? यांत्रिक नौका वाटत नाही हो!" काकांनी नको म्हणून मान हलवली. पण मी मशीनवाला ना! मी म्हटलं, काका, काढूया, साहेब सांगतात. काठी आणि शीड उतरवून वाळूत ठेवलं. फोटो झकास आला म्हणतात. आम्ही काही पाहिला नाही.

काका, मी आणि माझे दोन चुलतभाऊ, असे चौघे निघालो. पाठीवर मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, खाली मशीन, होडी नुसती धावत होती. उजाडलं तेव्हा मालवणचा किल्ला क्षितिजाखाली बुडाला होता, मागे फक्त डोंगरांची रेघ. एवढ्या लांब काका उभ्या आयुष्यात चारपाचदाच आले होते. साडेसहाच्या सुमाराला त्यांनी नुसतं बोट दाखवलं. लांबवर पाखरं पाण्यावर कोसळत होती, खाली तारलीची बारीक मासळी उडत होती आणि पाणी भाताच्या टोपासारखं उकळत होतं. साहेबांचं शिक्षण होतं, मशीन घेऊन थेट घोळक्यात घुसा. तसं केलं तर गेदर बुडी मारतो आणि कारवारला वर येतो. काकांनी मला मशीन बारीक करून कडेकडेनं फिरवायला लावलं. गरीला, म्हणजे गळाला, कोंबड्याचं पांढरं पीस बांधून दोर मागे सोडलेले. पहिला लागला आणि मग श्वास घ्यायला उसंत नाही. दोर बोटांत रुतून रक्त निघालं, ते माझं कुठलं आणि माशाचं कुठलं कळेना. होडीच्या फळ्यांवर माशांच्या शेपट्यांची अशी धडधड की शेजारच्याला ओरडून सांगावं लागे. सात वाजायच्या आत तीसबत्तीस गेदर आत होते. एवढा मासा आमच्या होडीनं कधी पाहिला नव्हता. मी वेड्यासारखा हसत होतो.

"चल, फिरव," काका म्हणाले. मी पेट्रोल घालायला टाकीचं झाकण उघडलं. तेवढ्यात काका दुसरा नारळ घेऊन मशीनपाशी उभे, डोळे मिटलेले, गाऱ्हाणं सुरू. "बा दर्या म्हाराजा! आज तुया आमका भरभरून दिलंस, ह्या मशीनाक अशीच ताकद दी, आणि साहेबाक वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही तिघे. शेवटच्या मागणीला सगळ्यात मोठ्यानं.

आणि काकांनी कोयत्यानं नारळ फोडला. तो टाकीच्या बरोब्बर वर. अर्धं पाणी उघड्या टाकीत गेलं. मी डोळ्यांनी पाहिलं. वहीत रेघ ओढणारा मीच, झाकण हातात धरून उभा मीच, आणि मी काय म्हणालो? "घेवा, मशीनाकय प्रसाद गावलो!" भाऊ खो खो हसले. मी वरून पेट्रोल ओतलं, झाकण लावलं.

दोनअडीचशे वाव गेलो असू. मशीन शिंकलं, खोकलं आणि गप्प झालं.

मग मी मशीन खोललं. टाकी उपडी केली, नळी फुंकली, प्लग पुसला, डब्यातलं नवं पेट्रोल घातलं. कार्बुरेटर साफ करताना त्याचा मोहरीएवढा स्क्रू हातातून निसटला आणि होडीच्या तळाशी रक्ताच्या पाण्यात गेला. बत्तीस गेदर एकेक उचलून शोधायचा. शीड असतं तर काकांनी आम्हाला वाऱ्यावर केव्हाच घरी नेलं असतं. ते वाळूत फोटोच्या मानासाठी आराम करत पडलेलं. दोन वल्ही होती, ती मारत राहिलो. दहापर्यंत मतलई समोरून, पुढे निघायलाच देईना. दुपारी वारा फिरला तेव्हा चौघांचे पंचे एकमेकांना बांधून वल्ह्यावर चढवले. लंगोट्यांवर चार यांत्रिक नाविक, डोक्यावर पंच्यांचं शीड. याचा फोटो कोणी काढला नाही. वरून ऊन असं की फळीला हात लागवेना. माशांवर ओली गोणपाटं टाकली, ती घटकेत वाळत. स्क्रू सापडला तेव्हा तीन वाजून गेलेले, आणि मशीन सुरू झालं तेव्हा किल्ला डोळ्यांसमोर होता.

काका म्हणाले, "गोयंदा, हो मासो बाजारात धाडू नको. मीठ घाल, नायतर माडांच्या मुळात घाल."

"काका, बघा तरी कसो चकचकीत आसा!"

"साहेबाचो बूटय चकचकता. खातंस काय तो?"

मी ऐकलं नाही. दिवसभर हसं झालं होतं, निदान किनाऱ्यावर तरी मान ताठ करून उतरायचं होतं. मशीन पूर्ण सोडलं आणि पाचच्या सुमाराला गर्जत आलो. वाळूवर अख्खा दांडा जमलेला. साहेब टाळ्या वाजवत होते. त्यांनी हार आणला होता, तो मशीनच्या गळ्यात घातला. आमचे गळे मोकळेच.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात पुरुष मासा मारतो, बायको विकते. होडी लागली की बायको पहिलं विचारते, "कितक्या वाजताचो?" नवरा वेळ सांगतो. तीच वेळ ती बाजारात सांगते आणि गिऱ्हाईक त्यावर घेतं. भाव खोटा सांगतील, शेजारणीचा मासा शिळा म्हणतील, नवरा पीत नाही म्हणूनही शपथ घेतील. वेळ मात्र कोणी खोटी सांगत नसे. माझी बायको शेवंती तर त्यासाठीच ओळखली जायची. तिची सात घरं ठरलेली होती, त्यांनी कधी दुसऱ्या टोपलीत वाकून पाहिलं नाही.

शेवंती गुडघाभर पाण्यात आली. "कितक्या वाजताचो?"

समोर साहेब, मागे गाव. सकाळचा म्हटलं तर दिवसभर काय करत होतास, हे आलं. नारळ आला, स्क्रू आला, पंचे आले.

"दोनाचो," मी म्हणालो.

तिनं बोटानं दाबून पाहिलं. "आंग मऊ लागता रे."

"गेदराचा आंग तसाच. रगात गरम मां!"

साहेब पुढे सरसावले. "अहो बाई, यंत्रामुळे मासा ताजा येतो, हेच तर योजनेचं वैशिष्ट्य!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. काका दोर गुंडाळत होते, मान खाली. नंतर मला म्हणाले, दर्यावर मी तांडेल, पण घोवाबायलेच्या मधी मी कोण? शेवंतीनं टोपली भरली. एक मासा साहेबांनी डाकबंगल्यावर नेला, मोठे साहेब जेवायला होते. बाकी आमच्या भावांनी मिठात घातला. शेवंतीनं आपल्या घरांना तुकड्या विकल्या, वेळ सांगून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तर दारात. हे पेन्शनर मास्तर मासा घेताना चष्मा लावून त्याचे डोळे तपासायचे, माशालाच चाळिशी लागलीय की काय असं वाटायचं. आज त्यांचेच डोळे सुजून मिटले होते. सदऱ्याची बाही वर केली, हातभर लाल गांधी. "शेवंते," म्हणाले, "हे काय गो?"

शेवंती माझ्याकडे वळली. "कितक्या वाजताचो?"

"साताचो."

एरवी माझी बायको रागावली की पाच घरांत पातेली वाजायची थांबतात. त्या दिवशी ती सरळ चुलीपाशी गेली. हंडाभर पाण्यात आमसुलं कुस्करली, पित्तावर आमच्याकडे तेच चोळतात. डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "हंडो उचल."

मी म्हटलं, तू हो पुढे, मी मशीन बघतो. तिनं हंडा माझ्या पायाशी आणून ठेवला. मी हंडा उचलला.

प्रत्येक दारात तेच. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि मला म्हणायची, "सांग." आणि मी, दांड्यावरचा पहिला मशीनवाला, हंडा काखेत धरून सांगायचो, "गेदर सकाळी साताचो. मी दोनाचो म्हणान सांगलंय. खोटा सांगलंय." मग ती आत जाऊन माणसांच्या अंगाला आमसुलाचं पाणी चोळायची. मास्तरांनी तेवढ्यातही हिशेब केला, "म्हणजे दहा तास उन्हात. गाढवा, तुला चौथीत पास कुणी केला?" त्यांनीच केला होता. एका घरात तुकडी मांजरानं पळवली होती म्हणून सगळे धडधाकट, तरी त्या बाईनं मला उभं करून पूर्ण ऐकलं आणि आणखी एकदा सांगायला लावलं, कारण सासूबाई न्हाणीघरात होत्या. एका घरात नवऱ्याचं तोंड सुजून बोलणं बंद होतं आणि बायको म्हणाली, "एवढा काय नाय गो शेवंते, दोन दिवस असोच ऱ्हवांदे तो."

सातवं दार डाकबंगल्याचं. ते तिच्या घरांतलं नव्हतं, पण मासा माझा होता. साहेब खुर्चीत बसून दोन्ही हातांनी खाजवत होते. मी माझं वाक्य म्हटलं. ते दचकून आत बघत म्हणाले, "हळू बोला, मोठे साहेब झोपलेत." शेवंती म्हणाली, "साहेब, लिवन घेवा. साताचो. आणि बर्फ नसलो तर मशीन काय कामाचा, तांय लिवा." साहेबांनी डायरी काढली. त्यात काय लिहिलं देव जाणे. पुढे कळलं की अहवालात उष्ण हवामान असा शब्द होता. वर्षभरात त्यांना बढती मिळाली. बर्फ यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

आठवं दार जानकीआजीचं. तिची नात पहिलटकरीण, बाळंतपणाला आलेली. माहेरी आली म्हणून आजीनं मुद्दाम शेवंतीकडची तुकडी घेतली होती, कारण पोटुशीला खात्रीचाच मासा द्यायचा. रात्री पोरीचे ओठ सुजले, श्वास कोंडला, डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर. मी तोंड उघडलं, पण वाक्य येईना. सात दारांत पाठ झालेलं वाक्य. शेवंती म्हणाली, "सांग." मी सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी फुशारकी, माझा हार, माझं मशीन, सगळ्यावर शिरा पडो असं वाटलं.

आजीनं माझ्याकडे पाठ केली. शेवंतीला म्हणाली, "तुज्या टोपलेक मी कधी नाक लावक नाय गो."

शेवंती तिथेच पायरीवर बसली आणि रडली. तिचा बाप बुडाला तेव्हा ती रडली होती, त्यानंतर मी पाहिलं ते त्या दिवशी. मी हंडा धरून उभा. काय करावं कळेना, म्हणून हंडा खाली ठेवला आणि परत उचलला.

पोर बरी झाली. पंधरा दिवसांनी मुलगा झाला, सहीसलामत. आजीनं पेढेही पाठवले. पण पुढच्या बाजाराला शेवंतीनं आपणहून बांगडा उचलून आजीच्या नाकाशी धरला. आजी म्हणाली, "अगो, कित्याक?" तरी वास घेतलाच.

आमच्या होडीचा मासा त्यानंतर किनाऱ्यावरचे व्यापारी उचलायचे. पुढे मी तांडेल झालो, दुसरं मशीन आलं, तिसरं आलं, माझ्या हातचा गेदर उन्हं चढायच्या आत घरी यायला लागला. लोक माझं नाव घेत. शेवंती दुसऱ्या होड्यांचा मासा विकत घेऊन बाजारात बसायची. माझा एकसुद्धा नाही. मी कधी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाच, पोरांची लग्नं होऊन गेल्यावर, जेवताना धीर करून म्हटलं, "आता तरी एक टोपली नेवन बघ माज्या होडयेची."

ती माझ्याच गेदराची कढी वाढत होती. म्हणाली, "मी खातंय. माज्या पोरांक घातलंय, नातवांक घालतंय. आपल्या माणसांचा काय ता आपण सोसूचा. लोकांच्या पोरांक कसो घालू?"

आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.